पांढरी रेघ

शुक्रवार, दि. ८, संध्याकाळ
शर्यतीच्या मैदानावरून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या भावाच्या हाताला काय झालंय? पत्राच्या सुरुवातीलाच हे विचारतेय, कारण मला याचं उत्तर देता येत नाही आणि त्यांना विचारायची सोय नाही. काल विचारलं तर म्हणाले, मॅडम, पदवी मिळाली म्हणून घरादाराची परीक्षा घेत सुटू नकोस.

आता खुशाली. आम्ही दुपारी पोचलो. आमच्या वाट्याला तीन भिंती आणि एक वर सरकणारं शटर आलंय. शेजारच्या संघाने जमिनीवर गालिचा घातलाय, आम्ही आईची जुनी चटई. शर्यत कशी असते हे तू दर वेळी विचारतेस आणि दर वेळी विसरतेस, म्हणून पुन्हा लिहिते. उद्या सहा तास, परवा सहा तास. गाडी एकच, चालवणारे दोन, आळीपाळीने. आपले दोघे म्हणजे दादा आणि दातवाले डॉक्टर, ज्यांची ही गाडी. बारा तासांत ज्याच्या फेऱ्या जास्त तो पुढे. बाबा गाडीचे मिस्त्री, मी त्यांची मदतनीस, शिवाय घड्याळ आणि वायरलेस माझ्याकडे. नऊ वर्षांत आपण लहान गाड्यांच्या गटात पहिल्या तिघांत कधी आलो नाही. यंदा गाडी अशी काही पळतेय की डॉक्टर आत्ताच चषक ठेवायला दवाखान्यात फळी ठोकायच्या गोष्टी करतायत.

तू शिवलेले शर्ट सगळ्यांना बसले, डॉक्टरांचं पोट सोडून. ते म्हणाले की शर्ट चुकलाय. मी म्हटलं, आत्याचं माप चुकत नाही, माणूस चुकतो.

पण माझं लक्ष हातांवरून हलत नाहीये. आपल्या गॅरेजातली रीत तुला माहीत आहे. चाकाचा नट ज्याने आवळला, त्याने नटावरून चाकावर रंगाच्या पेनाने एक रेघ ओढायची. नट जरा फिरला की रेघ तुटते, लगेच दिसतं. बाबांचा रंग पांढरा, माझा पिवळा. दुसऱ्याची रेघ असलेल्या नटाला कोणी हात लावायचा नाही. ती रेघ म्हणजे त्या माणसाची सही. बाबांची रेघ पट्टीने ओढल्यासारखी असायची. आज ती पहिलीतल्या मुलाच्या अक्षरासारखी होती. दुपारी त्यांच्या हातातून एक वॉशर पडला आणि पडलेला त्यांना कळलाच नाही, दोन बोटं तशीच चिमटीत धरून उभे होते. आणि गेले कित्येक महिने आई सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावून देते. मला वाटायचं लाड चाललेत.

हे पत्र लिहिताना तीनदा उठून गाडीजवळ जाऊन आले. मैदानाला पाणी पुरवणारे टँकरवाले काका तुझ्याच गल्लीत राहतात असं कळलं, त्यांच्या हाती देतेय. ते सकाळी परत येतात. उत्तर त्यांच्याच हाती धाड. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि त्यावर लिहून पाठवलेलं तू मानत नाहीस, फोनच्या अक्षरांत माणूस हसतोय की रडतोय कळत नाही म्हणतेस. म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

लोभ आहेच, तो वाढव आणि खरं सांग.
तुझी,
मॅडम


शनिवार, दि. ९, पहाट

चि. मॅडम हिस,
अनेक आशीर्वाद.

टँकरवाला दारात उभा आहे आणि चहा संपेपर्यंतच थांबणार म्हणतो. त्याला मुद्दाम मोठा कप दिलाय.

तू चार ओळी खुशालीच्या आणि चाळीस काळजीच्या लिहितेस. तुझं अक्षर पुढे पळतंय, बाकीची तू मागून धापा टाकत येतेयस. जरा बस. माझा भाऊ साठीला आला. साठीत बोटं कुरकुरतात, डोळे मिचमिचतात, वॉशर पडतात. माझंच बघ, हल्ली सुई ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारावी लागते. चष्मा बदलायला झालाय. त्यात मोठं काही नाही.

शर्ट आवडले ना? दादाच्या कॉलरला आतून बारीकसा तपकिरी डाग पडलाय, शिवताना चहा सांडला. बाहेरून दिसत नाही, ओरडू नकोस. डॉक्टरांना सांग, पुढच्या वर्षी शर्टाला बाजूला चुण्या ठेवीन, पोटासोबत उघडतील.

मला ये म्हणून दादाने दोनदा कळवलं होतं. पण ऐकू येत नसलं तरी तो धडधडाट माझ्या तळपायातून डोक्यात जातो. तू डोळे हो माझे, आणि रोज लिही.

भावाला इतकंच सांग की बहिणीने विचारलंय. काय विचारलंय ते त्याला कळेल.

माया करणारी,
आत्या


शनिवार, दि. ९, संध्याकाळ

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप बाबांना दिला. त्यांनी मान खाली घालून पाना पुसला, मग परत तोच पाना पुसला. म्हणजे तुला काहीतरी माहीत आहे. मला चष्म्याच्या गोष्टी सांगू नकोस.

आजचे सहा तास संपले. आपण आपल्या गटात तिसरे आहोत, आत्या! चौथ्याहून पाऊण फेरी पुढे. डॉक्टर खाली उतरल्यावर शेजारच्या गालिच्यावर जाऊन लोळले आणि त्या संघानेच टाळ्या वाजवल्या. मी मात्र टाळी वाजवायची विसरले, कारण दादाने उतरता उतरता सांगितलं होतं की डावीकडे मागून वळणावर गाडी थरथरते. बाबा म्हणाले, टायर झिजलाय, दुसरं काही नाही.

शर्यत थांबली की सगळ्या गाड्या कुंपणात बंद होतात. सकाळपर्यंत बघायचं, हात लावायचा नाही. मी कुंपणाच्या जाळीला नाक लावून बघितलं. डाव्या मागच्या चाकाच्या एका नटावर पांढरी रेघ तुटलेली दिसते. तांदळाच्या दाण्याएवढी फट. पण बाबांची रेघ आता इतकी वाकडीतिकडी असते की नट फिरला म्हणून तुटली, की ओढतानाच हात उडाला, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी खूप वेळ बघितलं आणि म्हणाले की पेन घसरलं असेल.

मग मी धीर करून म्हटलं की उद्या तुमच्या मागून मी एकदा सगळे नट तपासते. ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला शांतपणे सांगितलं की ज्याची रेघ त्याची जबाबदारी, आणि तीस वर्षांत त्यांच्या रेघेमागून कोणी पाना लावलेला नाही.

आमचा पाना तू पाहिलायस, लांब दांड्याचा. हवा तेवढा जोर लागला की तो कट् करतो आणि तळव्याला बारीक झटका देतो. इथे गोंगाटात कट् ऐकू येत नाही, सगळी भिस्त त्या झटक्यावर. ज्याच्या तळव्याला तो झटकाच कळत नसेल, त्याने काय करायचं? अंदाज. आणि त्या अंदाजावर माझा भाऊ ताशी दीडशेने वळण घेतो.

दादाला सांगितलं तर तो बाबांचीच बाजू घेईल. डॉक्टरांना सांगितलं तर उद्या सगळ्या मैदानाला कळेल. जेवण गेलं नाही. दोनदा कुंपणापर्यंत जाऊन आले, पहारेकऱ्याने आता माझं नाव जाळीवाली ठेवलंय.

तुला माहीत असेल ते उद्या सकाळच्या आत लिही. लोभ राहू दे, पण आज लोभापेक्षा उत्तर हवंय.
तुझी,
मॅडम


रविवार, दि. १०, पहाट

चि. मॅडम हिस,
अनेक आशीर्वाद.

हो, मला माहीत आहे. गेल्या वर्षी तो इथे येऊन दोन तास बसला आणि जाताना सांगून गेला की बोटांच्या टोकांना काही कळेनासं झालंय, गरम कळत नाही, टोचलेलं कळत नाही. मुलांना सांगायचं नाही अशी शपथ घातली. तुझ्या आईलाही घातली. मी शपथ मोडतेय ती तुझ्या अक्षरामुळे. रात्रभर ते माझ्यासमोर येरझाऱ्या घालत होतं.

आता तो का लपवतो ते ऐक. आमचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. बोटांनी चाचपून शिशाचं अक्षर ओळखायचे, डोळे मिटूनसुद्धा. मग त्यांची बोटं अशीच झोपली. एक दिवस एका घरच्या शोकपत्रात चुका झाल्या. मालकाने सगळ्या कामगारांना गोळा केलं, वडिलांना मध्ये उभं केलं आणि तो कागद मोठ्याने वाचायला लावला. तुझे बाबा डबा घेऊन गेले होते. दारातून त्यांनी ते पाहिलं. वडील नंतर आठ वर्षं जगले, पण घराबाहेर मान वर करून गेले नाहीत.

म्हणून माझं ऐक. त्याला चारचौघांत खाली बघायला लावू नकोस. सकाळी सगळे चहाला गेले की तू हळूच पाना लाव, हवं तेवढं आवळ आणि त्याच्याच पांढऱ्या पेनाने रेघ ओढ. नटाला काय, आवळल्याशी कारण. शर्यत होईल, चषक येईल, मग घरी बसून बोलू.

एवढं आत्याचं ऐक. तू शिकलीस याचा मला अभिमान आहे, पण माणसाची अब्रू ही काही पुस्तकातली गोष्ट नाही.

माया करणारी,
आत्या


मंगळवार, दि. १२
घरून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं मी ऐकलं नाही. दोन दिवस हे एक वाक्य लिहायला जमत नव्हतं, ते लिहिलं, आता पुढचं सोपं आहे.

रविवारी सकाळी गाड्या सोडल्यावर कामाला वीस मिनिटं मिळतात. बाबा चाकांपासून हललेच नाहीत, चहासुद्धा तिथेच घेतला. मला संधी मिळाली नाही. मिळाली असती तरी पांढरं पेन हातात धरवलं असतं असं वाटत नाही. त्यांची खोटी सही मी कशी करू?

दुपारी चौथ्या तासाला गाडी पेट्रोलला आली. दादा बसणार होता, डावी दोन्ही चाकं बदलायची होती. मी चाक बसवून धरलं होतं, माझा तळवा रिमवर होता. पाना कट् करतो तेव्हा तो झटका रिममधूनही कळतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मागच्या चाकाला नट पाच. माझ्या तळव्याला झटके आले तीन. मी बाबांकडे पाहिलं. ते रेघा ओढत होते, जीभ दातात धरून, अगदी मन लावून. आणि मी गप्प बसले. गाडी गेली.

दोन फेऱ्या मी गप्प होते, आत्या. साडेचार मिनिटं. तुझं छापखान्याचं पत्र माझ्या खिशात होतं. मी डोळ्यांसमोर आजोबांना उभं केलं आणि मग दादाला. मग वायरलेस उचलला आणि दादाला आत बोलावलं. तो काय म्हणाला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर डोकं धरून ओरडत होते की तिसरा नंबर चालला, पोरीला वेड लागलंय.

गाडी थांबली. मी माझा पाना घेतला आणि सगळ्यांसमोर पांढऱ्या रेघेच्या नटाला लावला. तीन नट जागचे हलले नाहीत. चौथा पाव फेरा फिरला. पाचवा अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरला, तेव्हा कुठे कट् झालं. पुढचं चाक तपासलं, ते ठीक होतं. फिरलेल्या दोन नटांवर, तुटलेल्या पांढऱ्या रेघेवरून, मी पिवळी ओढली. माझीही वाकडीच आली.

गाडी गेल्यावर डॉक्टर मला काहीतरी विचारणार होते. त्याआधी बाबा पुढे आले आणि म्हणाले की ते नट त्यांचे होते, त्यांच्या बोटांना वर्षभर काही कळत नाहीये आणि ते त्यांनी सांगायला हवं होतं. हे त्यांनी मान वर ठेवून सांगितलं, आत्या. तुला हे कळायला हवं म्हणून खास लिहितेय. मग पेनाला टोपण लावून खिशात ठेवलं आणि टायर रचायला गेले.

आम्ही सहावे आलो. डॉक्टरांनी फळीचा विषय काढला नाही. दादा उतरला, ते दोन पिवळे नट बघितले आणि बराच वेळ चाकाशी उकिडवा बसून राहिला. घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही, पण उतरताना माझी पिशवी त्याने उचलली.

बाबाही बोलत नव्हते. काल दिवसभर नाही. आईने बटणं लावली, ते गॅरेजात गेले. दुपारी एक टॅक्सी चाकं बदलायला आली. बाबांनी चारही चाकांचे नट आवळले आणि रेघ न ओढता हात पुसत आत निघून गेले. तीस वर्षांत त्यांनी रेघेशिवाय सोडलेली ही पहिली गाडी. मी पाना लावून नट तपासले आणि पिवळ्या रेघा ओढल्या. एक नट फिरला. संध्याकाळी दुसरी गाडी आली, तेव्हाही तसंच. आज सकाळी बघते तर माझ्या पेनाशेजारी नवं पिवळं पेन आणून ठेवलेलं होतं.

आता तुझ्याकडे वळते.

शर्ट धुवायला काढले. दादाच्या कॉलरचा तो डाग चहाचा नाही. माझ्या शर्टाच्या शिवणीत तसे दोन आहेत, बाबांच्या खिशामागे एक. रक्ताचे डाग मला ओळखू येतात, गॅरेजात वाढलेय मी. सुई टोचली की माणूस हात मागे घेतो, कापडावर डाग पडू देत नाही. तुला टोचलेलं कळलंच नाही. आणि सुई ओवायला शेजारच्या मुलीला बोलावतेस ते चष्म्यामुळे नाही. दुसऱ्याची शपथ मोडताना स्वतःचं तेवढं शिताफीने वगळलंस.

काल सकाळीच शहरातल्या नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांना आजोबांचं, बाबांचं आणि तुझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की घरात तिघांना असं होतं तेव्हा एकत्रच तपासायला हवं, दादाला आणि मलासुद्धा. गेलेलं सगळं परत येईल असं वचन त्यांनी दिलं नाही. पण कारण कळलं तर पुढचं थांबवता येईल का ते बघू म्हणाल्या.

रात्री जेवताना मी हे घरात सांगितलं, कोणाच्या मागून काही नको म्हणून. बाबा म्हणाले की त्यांना स्वतःला जायची हौस नाही, पण बहिणीला डॉक्टरचं बोलणं ऐकू येणार नाही, तेव्हा सोबत कोणीतरी हवंच. दादाला ठसका लागला. रविवारनंतर तो पहिल्यांदा हसला.

तर तयारी ठेव. दवाखान्यात आपल्या चौघांची, म्हणजे बाबा, तू, दादा आणि मी, अशी नावं गुरुवारी अकरासाठी नोंदवून झाली आहेत. टँकरवाले काका त्या दिवशी सकाळी सात वाजता तुला घ्यायला दाराशी येतील. त्यांना मी तुझ्या वतीने हो म्हणून सांगितलंय, आणि मोठा कप द्यायची गरज नाही, तू येईपर्यंत ते थांबणार आहेत.

लोभ असू दे. राग आला असेल तर तोही घेऊन ये.
तुझी,
मॅडम