यंदा गुळपोळ्या नाहीत

२१ नोव्हेंबर
ताप गेला, खोकला राहिला. मयूर विहारमध्ये सगळेच खोकतात, त्यामुळे मला कुणी आजारी धरत नाही. राघवला तीन दिवस ताप होता, रजा सात दिवसांची. तापात उठून मी या नवऱ्याला सूप करून दिलं. नोंद असावी.
संकल्प : उद्यापासून मेथीचं पाणी. वजन उतरवायचं. स्वभाव बदलायचा.

९ डिसेंबर
मान दुखते. पुढून, गळ्यापाशी. कळ थेट कानात जाते. राघवने आणलेली नवी उशी! फोमची नको म्हणून सांगितलं होतं. बाल्कनीत भिरकावली.
वजन दोन किलो कमी. मेथी. दोनदाच प्यायले, पण गुण येणाऱ्याला येतो.

१५ डिसेंबर, पहाटे ५
चारपासून टक्क जागी. काय ताकद आली आहे! दिल्लीच्या डिसेंबरात स्वेटर लागत नाही. खिडक्या उघडल्या तर मैत्रेयी ओरडली, आई यार, बाहेर स्मॉग आहे. सोळा वर्षांची पोर मला हवा शिकवते. झापली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मेट्रोत एका बाईने सीटवर बॅग ठेवली होती. मी विचारलं, इसका भी टिकट लिया है क्या? बॅग लगेच तिच्या मांडीवर. सेहेचाळीस वर्षांत असं बोलले नव्हते. नंतर हात थरथरत होते. हिमतीने होत असावं.

२२ डिसेंबर
सुमित्राताईंचा फोन. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. संक्रांतीचं हळदीकुंकू, शंभर गुळपोळ्या. विचारलं नाही, कळवलं. अकरा वर्षांपूर्वी दिल्लीत नवी असताना पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं होतं, गुळपोळ्या कोण करेल? सगळ्या बायका चहाच्या कपात बघायला लागल्या आणि मी म्हणाले, त्यात काय एवढं. तेव्हापासून दर वर्षी मीच.
ताई म्हणाल्या, अगं सुखदा, तुझ्या हातची पोळी फुटत नाही गं. मी म्हणाले, माझं डोकं फुटतं. यंदा नाही. त्या म्हणाल्या, बरं, मग साठच कर.
फोन आपटला. ग्रुपवर मोठा परिच्छेद टाकला. अकरा वर्षं, एकही मदतनीस नाही, आणि माझे स्टीलचे डबे कुणाकुणाकडे अडकलेत ते नावानिशी.
मनगटावरचं घड्याळ बसल्या जागी नाडी एकशे अठरा दाखवतं. बिघडलंय.

२ जानेवारी
राघव म्हणतो, तू आजारी आहेस. बायको नाही म्हणाली की आजारी! त्याला खोटं पाडायला म्हणून डॉक्टरकडे गेले. डॉक्टरबाईंनी गळा दाबला. अशी किंचाळले की बाहेरचे पेशंट डोकावले. त्यांनी विचारलं, महीना-डेढ़ महीना पहले वायरल हुआ था? म्हणे अशा संसर्गानंतर कधीकधी थायरॉइडची ग्रंथी सुजते, आणि तिच्यात साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं. धडधड, घाम, झोप उडणं, वजन उतरणं, सगळं त्यातलं. रक्ताच्या रिपोर्टमध्येही तेच.
मी विचारलं, और मेथी? मैत्रेयी खुदकन हसली.
मी विचारलं, और गुस्सा? बाई म्हणाल्या, वो भी उतर जाएगा. किती गोड बोलल्या! कानशिलात द्यावीशी वाटली.

४ जानेवारी
राघवने ग्रुपवर लिहिलं : सुखदाला थायरॉइड निघाला आहे, कृपया तिचं बोलणं मनावर घेऊ नये. खाली जोडलेले हात. अडतीस जणांनी मला माफ केलं. सुमित्राताईंनी गुलाब पाठवला. जन्मात एकदा खरं लिहिलं, तर ते लक्षण ठरलं. डब्यांबद्दल मात्र एकाचंही उत्तर नाही.
राघवशी बोलणं बंद.
संकल्प : गोळ्या घ्यायच्या. राग सोडायचा नाही.

१४ जानेवारी
हळदीकुंकवाला मुद्दाम गेले. पोळ्या दुकानातल्या, चामट. दोन खाल्ल्या. इतकं समाधान कित्येक वर्षांत नव्हतं.

१६ फेब्रुवारी
गळा दुखायचा थांबला. आता उलटंच. म्हणे ग्रंथी रिकामी झाली आहे, काही आठवडे मंद चालेल, मग बहुधा आपोआप ताळ्यावर येईल. वजन परत, वर एक किलो. अंगात दोन स्वेटर. मेट्रोत एका बाईने माझ्या पायावर पाय दिला, आणि सॉरी मी म्हणाले.
हा आजाराचा परिणाम. बरी झाले की मूळची मी परत येईन. मूळची म्हणजे डिसेंबरातली.

३ मार्च
राघवशी बोलायला लागले. कधीपासून ते आठवत नाही. नकाराचं एक वाक्य तयार केलं : ताई, मला जमणार नाही. रोज आरशासमोर पाच वेळा. छान येतं.

२४ एप्रिल
रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. डॉक्टरबाई म्हणाल्या, बिल्कुल ठीक, अब भूल जाइए.
दुपारी सुमित्राताईंचा फोन. महाराष्ट्र दिन, पुरणपोळ्या, ऐंशी. मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, पूर्ण बरी झालीस ना गं आता?
हो म्हणाले. मग म्हणाले, त्यात काय एवढं.
फोन ठेवला आणि दोन बोटांनी गळा दाबून पाहिला. डावीकडे, उजवीकडे. जरा जोरातच.
कुठेही दुखत नाही.