लक्झेंबर्गच्या रोख्यांबाबत रेनिल्डला सांगायचे राहिले ते

मी, गोडलीव्ह मारिया लाम्बरेख्त, दंतवैद्य कै. मॉरिट्स व्हान्डेकास्टील यांची विधवा, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार नदीचा धक्का, आउडनार्डे, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. मला कोणी दटावलेले नाही, कोणी शिकवलेले नाही. अक्षर कापरे दिसेल, ते वयाने किंवा भ्रमाने नव्हे. सरकारी कागदावर सही करताना माझा हात गेली तेहतीस वर्षे असाच कापतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे.

यापूर्वी २००८ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात लक्झेंबर्गचा उल्लेख नव्हता, म्हणजे ते खोटेच होते.

कलम १. धक्क्यावरील घर, तळमजल्यावरील दवाखान्यासह, माझी एकुलती एक मुलगी रेनिल्ड हिला मिळावे. छप्पर दोन वर्षांपूर्वी नवे घातले आहे. मागच्या खोलीतले भिंतीतले कपाट मी उघडे ठेवले आहे. त्यात काही नाही. तिने ठोकून पाहू नये.

कलम २. दवाखान्यातील खुर्ची आणि साच्यांचे सगळे सामान जेरोम कॉपेन्स यांना द्यावे. चाळीस वर्षे त्यांनी डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या. डॉक्टर त्यांच्या कामाला नावे ठेवत, आणि अर्धे गाव त्यांच्याच कवळ्यांनी जेवत असे. (माझ्या यजमानांना मी डॉक्टरच म्हणत असे. लग्नाआधी मी त्यांच्या दवाखान्यात मदतनीस होते, ती सवय सुटली नाही.)

कलम ३. दीर ओमेर यांना बैठकीतले पितळी हवामापक द्यावे. ते त्यांना कायम हवे होते. दुसरे काही देऊ नये, कारण त्यांनी आम्हाला जे दिले ते पुरेसे आहे. १९८४ साली व्याजावरचा कर वाढला, तेव्हा ते बँकेत नोकरीला होते. आमच्याच जेवणाच्या टेबलावर त्यांनी डॉक्टरांना मार्ग सांगितला. रोखे लक्झेंबर्गमध्ये घ्यायचे. रोख्यावर नाव नसते. कागद ज्याच्या हातात, पैसा त्याचा. वर्षातून एकदा आगगाडीने जायचे, तिजोरीतून रोखे काढायचे, कडेची व्याजाची कुपने कात्रीने कापायची, खिडकीवर द्यायची आणि रोकड घेऊन यायचे. जूनमध्ये करअर्ज भरताना त्या रकान्यात काही लिहायचे नाही. मी विचारले, हे पकडले गेले तर? तेव्हा ओमेर हसून म्हणाले, "अहो वहिनी, तुमच्या पाद्र्याची बहीणसुद्धा जाते. गाडीत ओळखीची माणसं भेटतील, जेवणाचा डबा तेवढा घेऊन जा."

करअर्ज आम्हा दोघांच्या नावाचा असे. डॉक्टर आधी सही करत आणि कागद माझ्याकडे सरकवत. पुढे अर्जात प्रश्न आला: परदेशात खाते आहे का? डॉक्टरांनी "नाही"वर फुली मारली आणि कागद सरकवला. मीही सही केली. त्यानंतर दारावरची घंटा वाजली की मी आधी पडद्याआडून बाहेरची गाडी पाहत असे.

कलम ४. रेनिल्ड १९८६ च्या शरदात गेंटच्या कर कार्यालयात नोकरीला लागली. तिने आनंदाने फोन केला. डॉक्टरांनी अभिनंदन केले, फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. पुढच्या रुग्णाला मीच दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. त्या दिवसापासून मुलीने येण्याआधी फोन करावा असा नियम झाला. ती आली की दवाखान्याला कुलूप लागे, आणि जूनमध्ये करअर्ज क्ष-किरणांच्या पाकिटात जाई. पोटच्या पोरीला डॉक्टर घाबरत. एकदा भांडी पुसताना तिने मला विचारले, बाबांना माझी नोकरी आवडली नाही का? त्यांना तू दंतवैद्य व्हायला हवी होतीस, असे मी सांगितले. तेही खोटे.

कलम ५. माझे दफन डॉक्टरांच्या शेजारी करू नये. तिथे दोघांची जागा घेतलेली आहे, तरीही. मला माझ्या आईशेजारी ठेवावे. कारण असे: १९८७ च्या मार्चमध्ये आम्ही लक्झेंबर्गहून आगगाडीने परत येत होतो. रोकड माझ्या परकराला पिनांनी लावलेली होती. सीमेजवळचे आर्लों स्थानक सोडल्यावर डब्याच्या टोकाला जकातीचे दोन तपासनीस आले. डॉक्टरांनी त्यांना पाहिले, वर्तमानपत्र उचलले आणि ते चार बाकडी पुढे एका अनोळखी माणसाशेजारी जाऊन बसले. तपासनीसाने मला विचारले, "एकट्याच निघालात का, बाई?" मी हो म्हटले. त्याने पिशवी उघडायला लावली. आत मुरंब्याच्या दोन बाटल्या होत्या. त्याने त्या उजेडात धरून पाहिल्या. मी उभी राहिले तर पिनांचा आवाज त्याला ऐकू जाईल, असे मला वाटत होते. माझ्या मागच्या बाईला त्यांनी पुढच्या स्थानकात उतरवले. माझ्याच वयाची होती. तिची टोपी बाकावर राहिली, ती ब्रसेल्सपर्यंत आमच्याबरोबर आली.

नाम्यूर गेल्यावर डॉक्टर परत येऊन बसले. म्हणाले, "दोघं सापडण्यापेक्षा एक सापडलेलं बरं. विचार करून उठलो मी." त्यानंतर आम्ही वीस वर्षे संसार केला. मी हा विषय काढला नाही. तो इथे काढते.

कलम ६. बँकेत माझ्या नावावर जे रोखे आहेत त्यांतील निम्मे कायद्याने रेनिल्डचेच. उरलेले निम्मेही तिलाच. ते स्वच्छ आहेत. कसे झाले ते लिहिते, म्हणजे तिला कोणासमोर मान खाली घालावी लागणार नाही.

डॉक्टर २००७ मध्ये गेले. पुढची सहा वर्षे मी एकटी गाडीने गेले आणि "नाही"वर एकटीने फुली मारली. २०१३ मध्ये तिथल्या बँकेच्या खिडकीवरच्या मुलीने सांगितले की बिननावाचे कागद आता बंद होणार, रोखे नावावर करावे लागतील, आणि काही काळाने ते नाव आमच्या कर खात्याला कळवले जाईल. तिने मला पाणी आणून दिले. गाडीत माझ्या डोक्यात एकच होते. मी आज मेले, तर तिजोरीची किल्ली रेनिल्डला सापडेल. तोवर ती कर निरीक्षक झाली होती. एकतर तिने लपवायचे, नाहीतर बापाला चोर म्हणून लिहून द्यायचे.

बुधवारी मी तिला जेवायला बोलावले. तिची आवडती, हॅममध्ये गुंडाळलेली चिकोरीची भाजी केली होती. जेवणाआधी किल्ली टेबलावर ठेवून सगळे सांगितले.

"किती वर्षं?" तिने विचारले.

"एकोणतीस."

"दरवर्षी तू सही केलीस?"

"केली."

तिने ताटाला हात लावला नाही. कोट चढवला आणि दारात थांबली. "आई, आता मला कळलंय. कळलं नाही असं मला वागता येणार नाही. महिन्याभरात तू स्वतः जाऊन सांग. नाहीतर मला सांगावं लागेल."

मी गेले. नोटरींनी वकील दिला. पाच लाख चाळीस हजार युरोंपैकी कर आणि दंडात दोन लाख दहा हजार गेले. रेनिल्डने स्वतःहून वरिष्ठांना सांगितले. ती विभागप्रमुख होणार होती, तिला अभिलेख विभागात बसवले. याबद्दल ती मला एक शब्दही बोलली नाही. पुढच्या जूनमध्ये मी "होय"वर फुली मारली, व्याजाची रक्कम सेंटपर्यंत लिहिली आणि अर्ज हाताने नेऊन दिला. आता कोणीतरी आतून ओरडत येईल म्हणून मी उभी राहिले. कारकुनाने शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावले.

पडद्याआडून पाहण्याची सवय मात्र गेलेली नाही.

कलम ७. हे कलम रेनिल्डसाठी आहे. यात देण्याघेण्याचे काही नाही.

रेनिल्ड, बाबा रुग्णालयात नऊ दिवस होते. मॉर्फिन सुरू झाल्यावर ते बडबडू लागले. तिजोरीचा क्रमांक, कुपने, आर्लोंचे स्थानक. परिचारिकांना तो भ्रम वाटला. मग आठव्या दिवशी सकाळी ते अगदी शुद्धीत म्हणाले, "रेनिल्डला आत पाठव. मला तिला सांगायचंय." दुपारपर्यंत तीनदा म्हणाले. शेवटच्या वेळी त्यांनी माझे मनगट धरले.

मी बाहेर आले. तू कोट मांडीवर घेऊन बाकावर बसली होतीस. मी तुला म्हटले, ते झोपलेत, त्यांना कोणी नकोय. तू दोन दिवस तिथेच बसलीस. नंतर तू विचारलेस, त्यांनी माझं नाव घेतलं का? मी म्हटले, नाही.

मी घाबरले होते. ते सांगून मोकळे झाले असते आणि मी एकटी राहिले असते.

त्या बुधवारी दारातून निघण्याआधी तू मला निरीक्षकाच्या आवाजात विचारलेस, "अजून काही आहे?" मी नाही म्हटले. तोंडावर सांगायचे धाडस मला आजही नाही, म्हणून मेल्यावर सांगते. ते तुला हाका मारत होते.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा असून प्रत्येक पानावर माझी सही आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही.

ठिकाण: आउडनार्डे
दिनांक: १४ सप्टेंबर २०१७

सही: गोडलीव्ह लाम्बरेख्त

साक्षीदार:
१. आन्येस व्हर्खोटे, शेजारीण
२. वाउटर डेमेय, नोटरींच्या कचेरीतील कारकून