गुरुजींची शांतता

शांतता हा शब्द तुम्ही मला चुकीचा शिकवलात. हो, गुरुजी, तुम्हालाच म्हणतेय. तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली, हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तर तोंडावर बोलायची हिंमत. चौथीपर्यंतच होते तुमच्या वर्गात. शेजारी बसणाऱ्या मुलीने माझी पाटी फोडली ते सांगायला उठले, तर तुम्ही टेबलावर पट्टी आपटलीत, "शांतता." वर्ग गार. पाटी फुटलेली ती फुटलेलीच. त्या दिवशी मी शिकले, तोंडं मिटली की झाली शांतता.

आता अमेरिकेत श्रूजबरीला धाकट्या मुलाकडे असते. त्याची लेक कॉलेजात फ्रान्सच्या कुठल्याशा जुन्या पुढाऱ्यावर पेपर लिहितेय. काल मी मटार सोलतेय, समोर ती लॅपटॉप घेऊन. म्हणते, "आजी, त्याला लाइफभर शांतता हवी होती." म्हटलं, "मग गप्प बसायचं होतं मेल्याने." ती हसली. "उलट गं, किती बोलायचा तो. वॉरनंतर शत्रूच्या मंत्र्यालाच लंचला घेऊन बसला, तासन्‌तास. वाद घातले, मग सह्या केल्या."

"आणि लढाया थांबल्या?"

"नाही ना. तो गेल्यावर परत लढाई झाली, आधीपेक्षा मोठी."

"म्हणजे दाणे टाकून सालं शिजवली."

"तसं नाही, आजी. नंतर तेच देश परत टेबलाला बसले, तेव्हा वाट त्याचीच होती."

माझा हात थांबला. हॉस्पिटलात यांचं श्वासाचं मशीन काढलं, त्याला सहा वर्षं झाली. थोरला फ्रीमाँटहून आला तो धाकट्यावर तुटूनच पडला, तू बाबांना मारलंस. याच ओट्यापाशी दोघं भांडत होते. मी तुमच्यासारखंच उलथनं आपटलं नि म्हटलं, शांतता. तेव्हापासून भावाभावांत शब्द नाही, आणि मी इथल्या मराठी मंडळात सांगत फिरते, आमच्याकडे भांडणतंटा नाही हो.

खरं सांगायचं तर, गुरुजी, मशीन काढायचं का, असं डॉक्टरने विचारलं तेव्हा होकाराची मान मी हलवली होती. धाकट्याला ठाऊक आहे. सहा वर्षं त्याने आळ सोसला, माझं नाव घेतलं नाही, आणि मी घेऊ दिलं नाही. कंटाळले मी आता या गप्प घराला. आज सकाळी थोरल्याला फोन केला, रविवारी येतो म्हणाला. धाकट्याला बजावून ठेवलंय, तो बाबांचं विचारेल तेव्हा तू मधे पडायचं नाहीस. उत्तर मी द्यायचं.