फवारणी न करण्याच्या अटीवर

मी, ठमाबाई भागोजी सकपाळ, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार वरंध, तालुका महाड, जिल्हा रायगड, आज पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या मर्जीने हे लिहवून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. तशी कोणाची हिंमतही नाही.

१. राहते घर मुलगा अनिल याला द्यावे. तो मुंबईला असतो. चुलीवरचे छप्पर गळते, ते त्याने एकदा पावसात येऊन पाहावे.

२. बँकेतील पैशांतून माझे दिवसकार्य साधेपणाने करावे. उरेल ते माझ्यासोबत मळ्यात राबणारी सून सेजल हिचे. कोयता, सुपे आणि कॉफी वाळवायच्या चटयाही तिच्याच. कोयत्याला अनिलने हात लावू नये, त्याला धार लावता येत नाही.

३. माझ्या वडिलांनी मला दिलेली, माझ्या एकटीच्या नावावरची डोंगरउतारावरची दीड एकर वरकस जमीन, फणसांच्या सावलीतल्या कॉफीच्या झाडांसह, सेजलची राहील. अनिलला का नाही, ते सांगणे भाग आहे. आम्हा अकरा बायकांचा गट रासायनिक खत-औषध न घालता कॉफी पिकवतो. (मी स्वतः चहाच पिते.) मधे दलाल न ठेवता, कष्टाला रास्त भाव देणारे परदेशातले लोक ती घेतात. सगळ्यांचे बी एकत्र जाते, म्हणून एकीच्या मळ्यात औषध पडले तरी सगळ्यांचा माल नापास होतो. चार वर्षांपूर्वी खोडकिडा दिसला तेव्हा गावी आलेल्या अनिलने नजरचुकीने औषध फवारले. शेजारच्या मळ्यातल्या शरिफाने ते पाहिले आणि गटाच्या बैठकीत माझ्या तोंडावर सांगितले. त्या साली सगळ्यांची कॉफी व्यापाऱ्याला मातीमोलाने गेली.

माझ्या मुलाचे नाव चारचौघींत घेतले, याचा राग मला आजही आहे. ईदला तिच्याकडून शीरखुर्म्याचा डबा येतो. डबा रिकामा पाठवू नये म्हणून मी त्यात काहीतरी घालते, पण तिच्याशी बोलत नाही.

४. या जमिनीत कधीही फवारणी करू नये व ती गटाबाहेर विकू नये. यावर लक्ष ठेवण्यास आणि हे मृत्युपत्र अमलात आणण्यास मी शरिफा गनी तांबे हिलाच नेमते. राग सोडलेला नाही, तो माझ्याबरोबर येईल. पण कोणाचा मुलगा आहे ते न बघता बोलणारी गावात ती एकटीच आहे.

५. दुरुस्ती. लेखनिक महिपत यांनी वरील मजकूर वाचून दाखवला. साक्षीदार म्हणून सयाजी यांनी सही केली. शरिफाने मात्र पेन खाली ठेवले आणि ती चार वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“ठमाबाय, नजरचुकीनं नाय. मी बांधावरून वरडले, तरी तो थांबला नाय. तुला मी त्याच सांजेला सांगितलं व्हतं.”

“मरायच्या कागदावर तरी एवढं राहू दे गो.”

“मंग मी सही करणार नाय.”

आई आहे मी त्याची. तरी कलम ३ मधील ‘नजरचुकीने’ हा शब्द रद्द समजून तेथे ‘जाणूनबुजून’ असे वाचावे, असे लिहायला सांगितले. त्यानंतर तिने सही केली.

हिलाच का नेमले, ते आता अनिलने कोणाला विचारू नये.

ठिकाण : वरंध
दिनांक : १४ फेब्रुवारी २००६

लिहवून देणार : ठमाबाई भागोजी सकपाळ (सही)
साक्षीदार : १. सयाजी हैबती मोरे (सही)
२. शरिफा गनी तांबे (सही, दुरुस्तीसह)