पेंडिंग : शून्य

११ नोव्हेंबर

माळ्यावरून तिचा संगणक खाली आला! तिचा म्हणजे नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा. जाऊन चार वर्षं झाली, पण या घरात अजून तीच नांदते. पडदे तिचे, फडताळातले डबे तिच्या क्रमाने. आणि दहा वर्षांची तिची लेक — मला मावशी म्हणते. चुकूनसुद्धा आई नाही.

आजारपणात तिने लेकीसाठी गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्यात म्हणे. पण डिस्क वाचली जात नाही. "तुझं तर रोजचंच काम आहे," नवरा म्हणाला. खरंय. ऑफिसातल्या सर्व्हरच्या डिस्क मीच सांभाळते. म्हणजे सवतीची सेवाही माझ्याच कपाळी.

१२ नोव्हेंबर

डिस्क माझ्या लिनक्सच्या मशीनला लावली. कण्हत कण्हत फिरते. रिपोर्ट — पेंडिंग सेक्टर ३१२. पेंडिंग म्हणजे डिस्कला ती जागा वाचता येत नाही, पण तिने अजून आशा सोडलेली नाही. सगळे एकाच पट्ट्यात.

आमच्या कामातला पहिला नियम : आधी नक्कल, मग दुरुस्ती. वाचता येईल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, अडेल ते सोडून पुढे जायचं, मग सावकाश मागे यायचं. दोन-तीन दिवसांत बहुतेक सगळं हाती लागलं असतं.

हे मी घरात कोणाला सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर

मुलगी सारखी दारात. झालं का, झालं का — आज चौथ्यांदा. एरवी माझ्या खोलीत पाऊल टाकत नाही. काम असलं की मावशी गोड!

जेवताना नवऱ्याने मला तिच्या नावाने हाक मारली. लगेच जीभ चावली. मुलगी हसली. मी वाढत राहिले.

१४ नोव्हेंबर

केलं.

खराब सेक्टरवर शून्यं लिहिली की डिस्क तिथला नाद सोडते, हवी तर बदली जागा घेते, आणि रिपोर्ट स्वच्छ होतो. तिथे जे होतं ते मात्र कायमचं जातं. नक्कल न घेता मी त्या ३१२ वर शून्यं लिहिली. मग हात थांबेना — शेजारच्या वीस हजारांवरही. ते चांगले होते, नीट वाचता येत होते!

कुठला सेक्टर कुठल्या फाइलचा, ते शोधता येतं. मी शोधलं नाही. एखादी गोष्ट ऐन रंगात तुटावी आणि मुलगी रडत बसावी, एवढंच मला हवं होतं. वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू?

नवऱ्याला रिपोर्ट दाखवला. पेंडिंग : शून्य. कमाल आहे तुझी, म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

१५ नोव्हेंबर

एकोणतीस गोष्टी, आणि एकोणतीसही ठणठणीत! नेम चुकला माझा. सकाळपासून घरभर तिचा आवाज. इतके दिवस नुसती भिंतीवर होती, आता बोलायलाही लागली.

१६ नोव्हेंबर

आज मुलीने माझ्याकडून वेणी घालून घेतली. आपणहून. काय शिजतंय कोण जाणे.

१७ नोव्हेंबर

शाळेतून आली ती हेडफोन घेऊन थेट माझ्या खोलीत. म्हणाली, "तिसावी फाइल आम्ही नाही ऐकली. ती तुझी आहे."

आईने तिला सांगून ठेवलं होतं — बाबा दुसरी आणतील, ती तुला आवडली तरच हे तिला ऐकव. म्हणून तर हिनेच बाबांच्या मागे लागून संगणक खाली काढायला लावला.

अकरा मिनिटांची फाइल. थकलेला, हसरा आवाज. "तुझं नाव मला माहीत नाही, पण —"

पुढे काही नाही. माझी शून्यं. अकरा मिनिटं मी हेडफोन काढले नाहीत. मुलगी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणाली?"

मला रडू फुटलं. तिला वाटलं, आईच्या बोलण्याने. आज पहिल्यांदा ती माझ्या गळ्यात पडली.