यादीत माझं नाव लिही

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार आधी, भांडण नंतर. तुझं पाकीट काल मिळालं. वहिनींचा खोकला कमी झाला का? त्यांना म्हणावं, वाफ घेतली म्हणून कुणी लहान होत नाही. इकडे सगळे ठीक. ह्यांनी चष्मा पुन्हा हरवला आणि पुन्हा माझ्यावरच ओरडले.

नवा दिवाळखोरीचा कायदा लागू झाल्यापासून आम्हा वकिलांची नुसती तारांबळ उडाली आहे. वीस वर्षं घोकलेली कलमं गेली. जुन्या कायद्याचं ते जाडजूड पुस्तक, तूच लाल कापडात बांधून दिलेलं, आता खिडकी आपटू नये म्हणून लावून ठेवलंय. ज्या अर्जाला आम्ही चार महिने घ्यायचो, तो आता आठ पानांचा छापील फॉर्म आहे, ज्याचा त्याला भरता येतो. माझी फी निम्म्यावर आली. पण खरं सांगू? बरं वाटतं रे. परवा एक शिंपी आला होता. त्याला म्हटलं, धंद्याची हत्यारं ज्याची त्याच्याकडेच राहतात, तुमचं मशीन कुणी उचलून नेणार नाही. तीन वर्षं जमेल तेवढं फेडायचं, उरलेलं माफ. तर तो चांगला धिप्पाड माणूस रडायलाच लागला. मी त्याला पाणी दिलं आणि स्वतःही प्यायले.

तुझ्या बाइंडिंगला उधारीवर कागद देणारा तो कागदवालाही येऊन गेला. दिवाळखोरीच्या अर्जाआधी सगळ्या घेणेकऱ्यांना कळवावं लागतं ना, ते तुझं पत्र हातात नाचवत आला. "म्हणजे बाई, बुडायचं आम्हीच!" मी विचारलं, "काका, जुन्या कायद्यात सहा वर्षांत तुमच्या हाती काय लागलं?" मग बोटांवर हिशेब करून म्हणाला, "दर महिन्याला थोडं का होईना, येईल म्हणता?" येईल म्हटलं. जिना उतरून गेला आणि धापा टाकत परत वर आला. "त्याला सांगा, कागद लागला तर आमच्याकडेच यायचं. पण रोख!"

आता तुझा फॉर्म. तू तपासायला पाठवलास, तो मी तपासला, सोबत परत पाठवतेय. अक्षर अजून मुंग्यांच्या रांगेसारखंच आहे. पण पान पाचवर घेणेकऱ्यांच्या यादीत बँक, कागदवाला, पुठ्ठेवाला, गाळ्याचा मालक, एवढीच चार नावं? मी कुठे आहे? तू बाइंडिंगचं कटिंग मशीन घेतलंस तेव्हा माझ्या ठेवीतले चार लाख दिले होते, ते काय वाऱ्यावर उडाले?

आणि सोबत ही चिठ्ठी: 'तुझं नाव घातलं तर तू माझी वकील होऊ शकणार नाहीस, असं फॉर्मच्या मागे छापलंय. मला दुसरा वकील नको. तुझे पैसे मी कायद्याबाहेर फेडीन. तू मला कधी चुकीचं सांगितलं नाहीस.'

अरे शहाण्या, एक नाव जरी लपवलं तरी अर्ज फेटाळतात, आणि पुढची पाच वर्षं दुसरा करता येत नाही! बँकेचा वकील माझ्या चार लाखांची नोंद दोन दिवसांत शोधून काढेल. अर्जाची शेवटची तारीख एकतीस आहे.

इथपर्यंत सकाळी लिहिलं. मग उठून भांडी घासली. ती घासलेलीच होती.

दादा, तुझ्या चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. सहा वर्षांपूर्वी तू ऑफिसात आलास, अशिलाच्या खुर्चीत बसलास. मनगटाला खळ वाळलेली होती. म्हणालास, "ठमे, करून टाकू का दिवाळखोरीचा अर्ज? आता झेपत नाही." मी म्हटलं, "तुझा अर्ज टिकणार नाही."

तो टिकला असता. मला तेव्हाही माहीत होतं.

जुन्या कायद्यात दिवाळखोराचं नाव सहा महिने कोर्टाच्या जिन्यापाशी फळ्यावर लावायचे. तो जिना मी रोज चढते, आणि कोर्टात माहेरचंच आडनाव लावते. चार वकिलांनी ते वाचून माझ्याकडे बघावं, याची मला लाज वाटली. तुझी लाज नव्हती वाटली, असं लिहिणार होते. पण आता खोटं कशाला? तुझीच वाटली.

तू "बरं" म्हणालास आणि निघालास. एक प्रश्न विचारला नाहीस. मशीन विकलंस, गाव सोडलंस, दुसऱ्याच्या कारखान्यात पगारावर राहिलास, बँकेचे हप्ते भरत बसलास. तुझे हात सुजतात हे वहिनी फोनवर सांगतात आणि मी विषय बदलते. माझ्या एका वाक्यापायी तुझी सहा वर्षं गेली. दादा, मला माफ कर. नाही जमलं तर नको करूस, पण अर्ज कर. उरलेला हातप्रेस आणि सुया-दाभण आता कुणी तुझ्याकडून नेऊ शकत नाही.

तर पाचव्या ओळीत माझं नाव लिही, आडनावासकट. रक्कम लिही. वकील म्हणून माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई उभ्या राहतील. बोलतात कर्ण्यासारख्या, पण कामाला चोख. फी घेणार नाहीत. घेतली तर त्यांनाही यादीत घालावं लागेल, असं मी त्यांना सांगितलंय.

सुनावणीला घेणेकऱ्यांना एकेक करून पुकारतात. उभं राहून नाव सांगायचं, अर्जदाराशी नातं सांगायचं, मग हरकत आहे की नाही ते सांगायचं. सगळे वकील तिथेच बसलेले असतात. ज्यांनी वाचू नये म्हणून मी तुला परत पाठवलं, तेच सगळे. माझं नाव पुकारलं की मी उभी राहीन आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगेन, की हा माझा सख्खा भाऊ आहे आणि माझी काही हरकत नाही.

फॉर्म एकतीसच्या आत पाठव. सोबत चिठ्ठी नसली तरी मी समजून घेईन.

तुझी वकील नव्हे,
तुझी बहीण,
ठमी