खोलीतली सायकल

९ जानेवारी

— तरी नट सुटेना. मग सायकलच्या पुढच्या चाकाचा चिमटा गुडघ्यांत धरला, पाना दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा करकरला आणि सुटला. बोटाचं सालटं निघालं. रक्त आलं. दुखलं नाही.

पुढचं चाक काढून भिंतीशी ठेवलं. नवरा पलंगावरून बघत होता. बघत होता म्हणजे डोळे इकडे होते. पक्षाघात झाल्यापासून एवढंच म्हणता येतं.

सायकल त्याचीच. शर्यतीची, बारीक टायरांची. जागा त्याच्याच खोलीत आहे, म्हणून काम तिथेच मांडलं.

१० जानेवारी

सायकलवाला हात लावायला तयार नाही. मोटार बसवलेलं चाक, बॅटरी, वायरींचं भेंडोळं, सगळं खोक्यात भरून दिलं. पण बसवणार नाही.

"ताई, साहेबांनी इथे उभं राहून सांगितलंय मला — सायकलला मोटार म्हणजे धडधाकट माणसाला कुबड्या! मी बसवली आणि ते उठून आले, तर माझी काही खैर नाही."

उठून आले तर. सहज बोलून गेला. मग खोक्याची दोरी उगाच पुन्हा आवळत बसला.

१२ जानेवारी

नणंद महिनाअखेरीस तिच्या घरी जाणार. तिलाही संसार आहे. किती दिवस अडकवून ठेवायचं?

मग दुपारी त्याची कूस बदलायला, भरवायला कुणी नाही. कामाला बायका आल्या आणि गेल्या. ऑफिसातून बसने घरी यायलाच तास लागतो, आणि जेवणाची सुट्टी तेवढीच. सायकलने जवळचा रस्ता आहे, पण मधला चढ मला जमत नाही. मोटार असली तर जमेल. नाही जमलं तर शुश्रूषा केंद्र. नणंदेने तिथे त्याचं नाव नोंदवून ठेवलंय, त्यांचं पत्रक आणून फ्रिजवर लावलंय. खिडक्या मोठ्या दिसतात.

"वहिनी, रागावू नकोस. पण दादाला हे घर काय नि ते घर काय. कळतं का त्याला?"

"कळतं."

"कशावरून?"

मी भांडी घासायला घेतली.

१५ जानेवारी

मोटारीचा आस जाड, चिमट्याची खाच अरुंद. कानस लावली. रंग गेला, खाली पांढरं लोखंड. आता त्याचं जुनं चाक तिथे पूर्वीसारखं बसणार नाही.

पूर्वी साखळीला माझा पदर लागला तरी ओरडायचा. आज त्याच्या डोळ्यांदेखत तासभर घासत होते. काही नाही.

१६ जानेवारी

कानस. चादरीवरही लोखंडाची पूड.

१९ जानेवारी

सगळं जोडून झालं. पेडल मारलं की मोटारीला कळावं म्हणून पेडलच्या मुळाशी लोहचुंबकांची एक चकती बसवायची असते. तीही बसवली. पुढचं चाक स्टुलावर उचलून पेडल हाताने फिरवलं. चाक ढिम्म.

"वहिनी, निदान यावर पीठ तरी दळून मिळेल का गं?" नणंद दारातून.

आणि तेव्हाच त्याने बोट उचललं. डाव्या हाताचं. हवेत गोल फिरवलं. पुन्हा. पुन्हा!

नणंद म्हणाली, "उकडतंय त्याला. पंखा मागतोय."

थंडीचे दिवस. छातीत कफ. डॉक्टरांनी वारा लागू देऊ नका म्हणून बजावलंय. पंखा नाही लावला. बोट फिरतच राहिलं. मी बघत राहिले — मी पेडल फिरवत होते त्याच्या बरोबर उलट दिशेने.

२० जानेवारी

पेडल उलटं फिरवलं. मोटार गुरगुरली, चाक भन्नाट फिरलं!

चकती उलटी बसली होती. दिवसभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासते, उलटं पडलेलं अक्षर मला लांबून दिसतं. हे दिसलं नाही. त्याला दिसलं.

चकती काढून पालथी केली. आता पेडल पुढे, चाक पुढे. नणंदेला हाक मारून दाखवलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि रडली. "दादा, म्हणजे तुला सगळं कळतंय! मग इतके दिवस गप्प का रे बसलास?" उठून फ्रिजवरचं पत्रक काढलं, घडी करून कचऱ्यात टाकलं.

मला रडू आलं नाही. भूक लागली. कितीतरी दिवसांनी ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

२४ जानेवारी

चढ चढले. मागून कुणी सीट धरून ढकलत असावं, तसं वाटतं. घरी येऊन त्याला सांगितलं — कुबड्या चांगल्या आहेत तुझ्या. बोट हललं नाही. दमला असेल.

२७ जानेवारी

केंद्रातून फोन. त्याच्यासाठी ठेवलेली खाट आता दुसऱ्याला देऊ का? रांग मोठी आहे म्हणे. द्या म्हटलं. नणंद शेजारीच उभी होती. "बरं केलंस," म्हणाली.

३० जानेवारी

नणंदेची बॅग भरून झाली. शेजारीण अधूनमधून डोकावणार आहे. दुपारी मी. सायकल खोलीतून काढून बाहेर पॅसेजमध्ये लावली, बॅटरी चार्जिंगला. खोली झाडली. कोपऱ्यात अजून लोखंडाची पूड निघते.

३१ जानेवारी

सकाळी खोलीत गेले तर त्याचं बोट फिरत होतं. समोर सायकल नाही. काहीच नाही.

नणंद बॅग घेऊन दारात उभी. मी पंखा लावला. बोट थांबलं. त्याने डोळे मिटले.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. मी पांघरूण त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं. बॅटरी भरली होती. सायकल रस्त्यावर काढली.